ट्रायलचा निकाल समोरच्या रुग्णाला लावताना या चुका टाळा

क्लिनिकल ट्रायलच्या, म्हणजे रुग्णांवर केलेल्या औषधाच्या चाचणीच्या, शोधनिबंधात औषधाचा चांगला गुण आलेला असतो, आणि आपल्या रुग्णाला मात्र त्याच औषधानं चक्कर येते किंवा किडनीचे रिपोर्ट बिघडतात. मग 'या ट्रायलचं काही खरं नसतं' असं आपण म्हणून मोकळे होतो. बहुतेक वेळा ट्रायल खरीच असते. ती कोणत्या रुग्णांवर आणि किती देखरेखीखाली झाली, हे पाहायचं आपल्याकडून राहून गेलेलं असतं.

थेट निष्कर्षावर उडी मारणं

निष्कर्षाच्या आधी 'कुणाला घेतलं नाही' हा परिच्छेद वाचा. 2015 ची स्प्रिंट ट्रायल बघा. वरचं बीपी 140 ऐवजी 120 च्या खाली ठेवलं तर हृदयाचे गंभीर त्रास आणि मृत्यू कमी होतात, असं 9361 जणांमध्ये दिसलं. पण त्यांत डायबेटिसचे रुग्ण नव्हते, स्ट्रोक होऊन गेलेले नव्हते, नर्सिंग होममध्ये राहणारे नव्हते. शिवाय बीपी मोजताना रुग्णाला पाच मिनिटं शांत बसवून मशीननं तीनदा मोजायचे आणि सरासरी काढायचे. गर्दीच्या ओपीडीत घाईनं एकदाच घेतलेलं बीपी सहसा त्याहून जास्त भरतं. तोच आकडा धरून गोळ्या वाढवत 120 गाठलंत, तर रुग्ण ट्रायलमधल्यांपेक्षाही खाली जाईल आणि उठताना पडेल.

रॅन्डमायझेशनच्या, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखे रुग्णांचे गट पाडण्याच्या, आधी काय झालं तेही तपासा. हार्ट फेल्युअरवरच्या (हृदयाला पुरेसं रक्त पंप करता येत नाही, त्या आजारावरच्या) 2014 च्या पॅराडाइम-एचएफमध्ये साधारण 10,500 जणांना आधी काही आठवडे औषधं देऊन ती सोसतात का ते पाहिलं, आणि पुढच्या तुलनेत सुमारे 8,400 उरले. त्यामुळे साइड इफेक्ट्सचे जे आकडे छापून आले, ते या चाळणीतून पार झालेल्यांचे आहेत. नव्यानं सुरू करणाऱ्याला तेच आकडे सांगणं बरोबर नाही.

औषध उचलणं आणि देखरेख मागे सोडणं

माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान या चुकीनं होतं.

1999 साली रेल्स ट्रायल प्रसिद्ध झाली. गंभीर हार्ट फेल्युअरच्या रुग्णांना नेहमीच्या उपचारांच्या जोडीला स्पायरोनोलॅक्टोनचा छोटा डोस दिला, तर मृत्यूचा धोका 30 टक्क्यांनी घटला. औषध जुनं आणि स्वस्त, त्यामुळे ते झपाट्यानं वापरात आलं. ट्रायलमध्ये क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) 2.5 च्या वर किंवा पोटॅशियम 5 च्या वर असलेल्यांना घेतलंच नव्हतं. ज्यांना घेतलं, त्यांचं रक्त ठरलेल्या वेळी तपासलं जायचं. या औषधानं पोटॅशियम चढू शकतं आणि ते जिवावर बेतू शकतं, म्हणून ते चढलं की डोस कमी व्हायचा.

पुढे काय झालं ते कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांताच्या नोंदींतून 2004 मध्ये समोर आलं. हार्ट फेल्युअरसाठी अ‍ॅडमिट होऊन गेलेल्या आणि एसीई इनहिबिटर (बीपी आणि हृदयासाठीचं, पोटॅशियम वाढवू शकणारं औषध) चालू असलेल्या वृद्धांमध्ये स्पायरोनोलॅक्टोन देण्याचं प्रमाण 1994 ते 2001 या काळात हजारी 34 वरून 149 वर गेलं. पोटॅशियम वाढल्यामुळे अ‍ॅडमिट होण्याचं प्रमाण हजारी 2.4 वरून 11 झालं, त्यातले मृत्यू हजारी 0.3 वरून 2 झाले. आणि ज्यासाठी हे सगळं करायचं, ते एकूण मृत्यू काही लक्षणीय घटलेले दिसले नाहीत.

इथे 'खरे रुग्ण म्हातारे असतात, त्यांना हे औषध चालत नाही' असं म्हणून थांबणं सोपं आहे. पण स्कॉटलंडमधल्या टेसाइडच्या नोंदी 2010 मध्ये आल्या. तिथेही रेल्सनंतर औषधाचा वापर वाढला होता, पण पोटॅशियममुळे होणारी अ‍ॅडमिशन्स वाढली नव्हती. रक्ततपासण्या मात्र वाढल्या होत्या. म्हणून प्रिस्क्रिप्शन लिहिताना पुढच्या क्रिएटिनिन-पोटॅशियमची तारीखही त्याच कागदावर लिहा, आणि जुलाब-उलट्या झाल्या तर गोळी थांबवून फोन करायला सांगा. रुग्णाला तपासणीला येणं जमणारच नसेल, तर औषध सुरू करायच्या आधी ते उघड बोला.

टक्के जसेच्या तसे सांगणं

'धोका पाव हिश्शानं कमी' हे प्रमाण बऱ्याचदा वेगवेगळ्या रुग्णांत साधारण टिकतं. प्रत्यक्ष फायदा टिकत नाही. ज्याचा मूळ धोका 20 टक्के, त्याचा 15 होतो, म्हणजे 20 जणांना औषध दिलं की एकाचा त्रास टळतो. ज्याचा 2 टक्के, त्याचा दीड होतो, तिथे 200 जणांना द्यावं लागतं. साइड इफेक्ट्स मात्र दोघांनाही होऊ शकतात. आधी समोरच्याचा मूळ धोका काढा.

'माझा रुग्ण त्यात नव्हता' म्हणून सोडून देणं

ही उलट बाजूची चूक, आणि तिचा हिशेब कुठेच लागत नाही, कारण न दिलेल्या औषधानं झालेलं नुकसान कुणी नोंदवत नाही. 82 वर्षांच्या बाईंना 'ट्रायल 75 पर्यंतच होती' म्हणून उपयोगी औषध नाकारणं हा सावधपणा वाटतो, पण वयाचा आकडा हे काही कारण नव्हे. कारण नेमकं हवं: किडनी औषध बाहेर टाकत नाही, दुसऱ्या गोळीशी जमत नाही, आजाराची मुळातली घडण वेगळी आहे, किंवा फायदा दिसायला लागतात तितकी वर्षं हाताशी नाहीत.

त्या कारणाच्या शोधात सबग्रुपच्या (रुग्णांचे छोटे गट पाडून केलेल्या) तक्त्यावर भरवसा टाकू नका. 1988 च्या आयसिस-2 मध्ये हार्ट अटॅकच्या 17,187 रुग्णांत अ‍ॅस्पिरिनचा फायदा स्पष्ट होता. संशोधकांनी मुद्दाम राशींप्रमाणे फोड करून दाखवली, तर मिथुन आणि तूळवाल्यांना अ‍ॅस्पिरिन किंचित अपायकारक दिसलं! पुरेसे तुकडे पाडले की असं काहीतरी निघतंच.

कधी कधी मात्र तुकड्यातला फरक खरा असतो आणि त्याचं नाव चुकलेलं असतं. फुप्फुसाच्या कॅन्सरवरचं गेफिटिनिब 2005 च्या ट्रायलमध्ये एकंदरीत अपुरं ठरलं, पण आशियाई वंशाच्या आणि कधीच धूम्रपान न केलेल्या रुग्णांत बरं दिसलं. मग ते 'आशियाई लोकांचं औषध' ठरवायचं का? 2009 च्या आयपास ट्रायलमध्ये सगळे रुग्ण पूर्व आशियातलेच होते. त्यांच्यातही ट्यूमरमध्ये ईजीएफआर म्युटेशन (पेशींची वाढ चालवणाऱ्या जनुकातला बदल) असलेल्यांना ते केमोपेक्षा सरस ठरलं, आणि म्युटेशन नसलेल्यांना केमोपेक्षा वाईट. वंश विचारून हा निर्णय होत नाही. त्यासाठी बायोप्सीचा तुकडा म्युटेशनच्या तपासणीला पाठवावा लागतो.