दीड-दोन वर्षांच्या मुलासाठी तीनचाकी घ्यायची की बॅलन्स बाइक?

बॅलन्स बाइक म्हणजे पेडल नसलेली, पायाने जमीन ढकलत चालवायची छोटी दोन चाकांची गाडी. खोक्यावर '२ ते ५ वर्षं' लिहिलेलं असतं ना, ते जरा बाजूला ठेवा आणि आधी मुलाचा पाय मोजा. अनवाणी, भिंतीला पाठ टेकवून उभं करायचं, दोन पायांच्या मधे एक पातळ पुस्तक आडवं धरून हळूच वर न्यायचं, टेकलं की भिंतीवर पेन्सिलने खूण करायची आणि जमिनीपासून तिथपर्यंत टेप लावायचा. दोन वर्षांच्या आसपास हे माप साधारण ३० ते ३५ सेंटिमीटर येतं, पण एकाच वयाच्या दोन मुलांमधे ३-४ सेंटिमीटरचा फरक सहज असतो आणि बॅलन्स बाइकचं सगळं गणित तेवढ्यावरच आहे. सीट सगळ्यात खाली केल्यावर तिची जमिनीपासूनची उंची या मापापेक्षा १-२ सेंटिमीटर कमी पाहिजे, म्हणजे बसल्यावर दोन्ही तळवे पूर्ण टेकतात आणि गुडघा किंचित वाकलेला राहतो. दुकानात 'चवडे टेकतायत ना, मग होईल मोठा' असं सांगतात, ते ऐकू नका. या गाडीत पायच इंजिन आणि पायच ब्रेक, ते नीट टेकले नाहीत तर मूल घाबरतं आणि गाडी महिनोन्‌महिने गॅलरीत पडून राहते.

आता माझं मत सरळ सांगते. एकच घ्यायची असेल, पाय पुरत असतील आणि सोबत कोणीतरी धावणारं असेल, तर बॅलन्स बाइक घ्या. कारण सायकल शिकताना अवघड असतो तो तोल, पेडल मारणं त्यामानाने फार सोपं. तीनचाकीवर मूल पेडल शिकतं, पण तोल शिकतच नाही, कारण तिथे तोलाची गरजच नसते. आणि पेडल तरी कधी मारायला लागतं? बहुतेक मुलांना ते तीन वर्षांच्या आसपास जमतं, बालरोगतज्ज्ञ सुद्धा तीन वर्षांच्या मुलाच्या तपासणीत 'तीनचाकी चालवतो का' असं विचारतात ते म्हणूनच. म्हणजे दीड वर्षाच्या पिल्लाला तीनचाकी आणली तर पुढचं वर्ष-दीड वर्ष ती आपणच ढकलणार, नाहीतर ते पेडल सोडून पायाने जमीन ढकलत पुढे जाणार, थोडक्यात बॅलन्स बाइकचंच काम जड गाडीवर करणार.

तीनचाकी जास्त सेफ, असं आपल्याकडे सगळेच धरून चालतात, आणि इथेच मला जरा सविस्तर लिहायचंय. उभी असताना ती पडत नाही हे खरं. पण वळताना दुचाकी आतल्या बाजूला झुकते, तीनचाकीला झुकता येत नाही, त्यामुळे वेगात हँडल वळवलं की अंग बाहेरच्या बाजूला फेकलं जातं आणि मागची चाकं जवळजवळ असतील, सीट उंच असेल तर गाडी मुलासकट कलंडते. दुसरं म्हणजे उतार. साध्या तीनचाकीत पेडल थेट पुढच्या चाकाला जोडलेलं असतं, चेन नाही, फ्रीव्हील नाही, त्यामुळे चाक फिरलं की पेडल फिरणारच. उतारावर गाडी पळायला लागली की पेडल इतक्या जोरात फिरतात की मूल घाबरून पाय वर घेतं, आणि बहुतेक तीनचाकींना ब्रेक नसतोच, मग थांबवणार कशाने? बॅलन्स बाइकवर तेच मूल घाबरलं की पाय खाली टाकतं आणि थांबतं. पुण्यात बावधन, बाणेर, धनकवडी, कात्रज या बाजूला टेकडीच्या कुशीत ज्या सोसायट्या आहेत तिथे गेटपासूनच उतार असतो आणि बेसमेंट पार्किंगचा रॅम्प तर कुठेही असतो, तिथे तीनचाकी मोकळी देऊ नका हे मी अगदी कळकळीने सांगते.

मग तीनचाकी घ्यायचीच नाही का? तसं नाही. मूल वर्ष-सव्वा वर्षाचं आहे, नुकतं चालायला लागलंय, दिवसभर आजी-आजोबांकडे असतं, आजीचे गुडघे दुखतात, मुलामागे पळणं शक्य नाही, अशा घरी मागे लांब दांडा असलेली तीनचाकी फार उपयोगी पडते. आजी दांडा धरून सावकाश फेरी मारून आणते, मुलाला वारा लागतो, भाजी पण येते मागच्या बास्केटमधून. फक्त घेताना एवढं बघा की पाय ठेवायला वेगळी पट्टी आहे का आणि आपण ढकलताना पेडल सुटं करता येतं का, नाहीतर फिरणाऱ्या पेडलमधे छोटे पाय आपटतात. पट्टा पाहिजे. दांड्याने पुढचं चाक खरंच वळतं का हे पण दुकानातच फिरवून बघा. काही मुलांना फिजिओथेरपिस्ट मुद्दाम तीनचाकी सुचवतात, तिथे अर्थात त्यांचंच ऐकायचं.

गाडी कुठे चालवणार याचा विचार पैशांच्या आधी करा. पुण्यात फूटपाथ सलग मिळणं कठीण, पेव्हर ब्लॉक उचकटलेले, मधेच विजेचा डीपी बॉक्स, मधेच टू व्हीलर लावलेल्या. तीनचाकीची प्लॅस्टिकची छोटी चाकं पेव्हरच्या फटीत अडकतात आणि खडखडाट इतका होतो की दुपारी पहिल्या मजल्यावरचे काका खाली येतात. बॅलन्स बाइकची १२ इंची चाकं तिथून बरी जातात. जंगली महाराज रस्त्याचा फूटपाथ चांगला रुंद आहे, रविवारी सकाळी लवकर गेलात तर छान मोकळा मिळतो. बागेत न्यायची असेल तर आधी वॉचमन काकांना विचारून घ्या, बऱ्याच बागांमधे सायकल आत सोडत नाहीत. आणि सोसायटीच्या पार्किंगमधे, विशेषतः संध्याकाळी लोक ऑफिसमधून परत येतात त्या वेळेला, दोन्हीपैकी काहीच नको. रिव्हर्स घेणाऱ्याला गाडीच्या मागचं एवढंसं मूल दिसत नाही. पोडियम (पार्किंगच्या छतावरची मोकळी जागा), क्लब हाउससमोरची जागा, गच्ची असेल तर भक्कम कठडा आणि जिन्याचं दार बंद, अशी जागा शोधा.

टायरमधे दोन प्रकार येतात. फोमचे टायर हलके, पंक्चरची भानगड नाही, पण ओल्या फरशीवर आणि पावसाळ्यात शेवाळलेल्या पेव्हरवर सटकतात. हवेचे टायर जड पण पकड चांगली, धक्के कमी. सोसायटीच्या आत सपाट जागेत चालवायची असेल तर फोम पुरतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर बाहेर जायचे तसे वांधेच, तेव्हा हॉलमधे टाइल्सवर सोफ्याभोवती फिरवायला फोमच बरा, डाग पण कमी पडतात.

वजन हातात उचलून बघा. मुलाच्या वजनाच्या साधारण ३० टक्क्यांच्या आत गाडी असावी असा एक अंदाज धरतात, म्हणजे १२ किलोच्या मुलाला साडेतीन किलोपर्यंत. जड गाडी पडली की मुलाला ती स्वतः उचलता येत नाही आणि मग दर वेळी 'आई उचल'. शिवाय अर्ध्या रस्त्यात कंटाळा आला की एका कडेवर मूल आणि एका हातात गाडी अशी वरात आपल्यालाच घरी न्यायची असते.

किमतीचं म्हणाल तर साधी तीनचाकी दीड-दोन हजारांत येते, दांडा-छत्रीवाली तीन ते पाच हजार, बॅलन्स बाइक अडीच ते सहा हजारांत बऱ्यापैकी मिळते, त्यापुढे किंमत कितीही वर जाते. डेकॅथलॉनसारख्या दुकानात मुलाला प्रत्यक्ष बसवून बघता येतं, ते ऑनलाइन मागवण्यापेक्षा केव्हाही चांगलं. १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय मार्क बंधनकारक आहे, तो शोधा. सोसायटीच्या ग्रुपवर सेकंडहँड पण भरपूर येतात आणि मला ती चांगलीच सोय वाटते, मुलं या गाड्यांमधून पटकन मोठी होतात. जुनी घेताना सीटचा दांडा वर-खाली होतोय ना, गंजून अडकला नाहीये ना ते बघा, पुढचं चाक गुडघ्यांत धरून हँडल हलवून बघा, ढिलं वाटलं तर आधी पान्याने आवळून घ्या, प्लॅस्टिकला तडा असेल तर सरळ सोडून द्या. मुठींच्या टोकाला रबरी गोळा पाहिजे, कारण पडल्यावर हँडलचं टोक पोटात लागतं.

हेल्मेट पहिल्याच दिवसापासून. भुवईच्या वर दोन बोटं, हनुवटीखालच्या पट्ट्यात एक-दोन बोटं जातील इतकंच सैल. आणि एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते, घसरगुंडी किंवा झोपाळ्याकडे पळायच्या आधी हेल्मेट काढायचं. कुठे फटीत हेल्मेट अडकलं तर पट्टा गळ्याला आवळू शकतो. पायात बंद बूट, चप्पल नको.

शिकवायचं म्हणजे खरं तर आपण गप्प बसायचं. सुरुवातीला मूल सीटवर बसणारच नाही, गाडी दोन पायांत धरून नुसतं चालेल. चालू दे. मग कधीतरी टेकेल, बसून पावलं टाकेल, पावलं लांब होतील आणि एक दिवस दोन्ही पाय वर. यात काहींचे आठवडे जातात, काहींचे महिने, शेजारचा मुलगा काय करतो ते बघू नका. आपण हँडल किंवा सीट धरायची नाही, कारण मग तोल आपण सांभाळतो आणि मुलाला काही कळतच नाही. फारच डगमगलं तर काखेत हलका हात द्या. हाताचा ब्रेक तीन-साडेतीन वर्षांच्या आधी काही कामाचा नसतो, बोटं पोचत नाहीत आणि तेवढा जोरही नसतो, त्यासाठी जास्त पैसे मोजू नका.

घरातल्या मोठ्यांकडून 'अगं, पेडल नाही तर ही कसली सायकल?' हे येणारच. आमच्या सासऱ्यांनी विचारलं तेव्हा मी त्यांना सांगितलं, बाबा, १८१७ मधे जर्मनीत कार्ल फॉन ड्राइस यांनी पहिली दोन चाकांची गाडी चालवली तिलाही पेडल नव्हतं, पायाने ढकलतच चालवायचे, पेडल आलं ते १८६० च्या दशकात. त्यांना ते पटलं, आणि आता फेरीला तेच घेऊन जातात.

मूल साडेतीन-चारचं झालंय आणि अजून काहीच घेतलं नसेल तर आता बॅलन्स बाइकवर खर्च करू नका. पाय टेकतील अशी साधी छोटी सायकल घ्या, बाजूची छोटी चाकं लावूच नका, आणि दोन्ही पेडल काढून सीट खाली करून द्या. बहुतेक पेडलना १५ नंबरचा पाना लागतो, डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, म्हणजे ते घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर सुटतं, उलट जोर लावलात तर आणखी आवळलं जाईल. जमत नसेल तर जवळच्या सायकलवाल्या काकांकडे न्या, पाच मिनिटांचं काम आहे. मूल दोन्ही पाय उचलून गच्चीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आरामात जायला लागलं की पेडल परत लावून टाका.