इंग्रजी शाळेत जाणाऱ्या मुलांची मराठी घरात कशी वाढवावी

शहरांतच नव्हे, तर तालुक्याच्या गावांतही आता हे सर्रास दिसते. मूल घरी मराठी ऐकते, समजते, खायला मागण्यापुरते आणि भावंडाची तक्रार करण्यापुरते बोलतेही. पण वर्गात आज काय शिकवले हे सांगायची वेळ आली, की दुसऱ्याच वाक्याला इंग्रजीत शिरते, आणि मराठी वर्तमानपत्रातला एक परिच्छेद वाचायला दिला तर तिसऱ्या ओळीवर अडते. आईवडील म्हणतात, 'त्याला मराठी येते, तो फक्त वापरत नाही.' ही समजूत अर्धीच खरी आहे. कॅनडातले शिक्षणतज्ज्ञ जिम कमिन्स यांनी 1979 मध्ये संभाषणाची भाषा आणि अभ्यासाची भाषा यांत भेद केला. परक्या देशात आलेली मुले तिथली बोलण्यापुरती भाषा साधारण दोन वर्षांत उचलतात, पण त्या भाषेत तर्क करणे, तुलना करणे, कारण देणे जमायला पाच ते सात वर्षे लागतात, असे त्यांना आढळले. आपल्या मुलांच्या मराठीचे दुखणे नेमके या दुसऱ्या पायरीवर आहे. 2020 च्या कायद्यामुळे महाराष्ट्रातल्या सर्व शाळांत मराठी हा विषय सक्तीचा झाला, हे चांगलेच झाले. पण विषयाच्या तासिकेत भाषेची ओळख होते, सराव होत नाही. सराव घरातच व्हायला हवा, आणि त्यासाठी घरातली काही कामे मराठीला कायमची नेमून द्यावी लागतात. ती कोणती आणि कशी, ते पुढे मांडले आहे.

सुरुवातीला घरातल्या मोठ्यांनी आपापसांत ठरवावे, की कोण मुलाशी कोणत्या भाषेत बोलणार. आईवडील दोघेही मराठी असतील तर प्रश्न सोपा आहे: घरात मराठी, इंग्रजी शाळा सांभाळेल. आई गुजराती किंवा कन्नड आणि वडील मराठी, अशा घरात प्रत्येकाने आपली भाषा धरावी. फ्रेंच भाषाभ्यासक ज्यूल रोंजा यांनी आपल्या मुलाशी स्वतः फ्रेंचमध्येच आणि त्याच्या आईने जर्मनमध्येच बोलायचे, असा नेम पाळला आणि त्याची नोंद 1913 मध्ये प्रसिद्ध केली. मुलगा दोन्ही भाषा नीट शिकला. नियम मोडला म्हणून आभाळ कोसळत नाही. पण रोज नव्याने ठरवायची वेळ आली, की सोय म्हणून इंग्रजीच जिंकते, एवढे मात्र लक्षात ठेवावे.

'दोन भाषांत मुलाचा गोंधळ होईल' ही भीती अनेकदा सल्ल्याचे रूप घेऊन येते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ती अभ्यासकांनाही होती. 1962 मध्ये एलिझाबेथ पील आणि वॉलेस लॅम्बर्ट यांनी माँट्रियलमधल्या दहा वर्षांच्या मुलांची पाहणी केली, तेव्हा दोन भाषा सारख्याच ताकदीने वापरणारी मुले बुद्धीच्या चाचण्यांत मागे नव्हे, तर पुढे असल्याचे दिसले. लहान मुलाची शब्दसंपत्ती मोजताना दोन्ही भाषांतले शब्द एकत्र मोजावेत. एकाच भाषेतले मोजून 'हा मागे आहे' असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे ठरते. मूल खरोखरच उशिरा बोलत असेल, तर ऐकण्याची तपासणी आणि वाचातज्ज्ञाचा सल्ला वेळेवर घ्यावा. त्या काळजीपोटी घरची भाषा बंद करणे हा मात्र उपचार नव्हे.

मुले भाषांची सरमिसळ करतात, याचाही बाऊ करू नये. या मातीला ते नवे नाही. सांगलीजवळच्या कुपवाड गावात मराठी, कन्नड, उर्दू आणि तेलुगू बोलणारे समाज शतकानुशतके शेजारी राहत आले. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी 1971 मध्ये तिथल्या बोलण्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात असे दिसले, की शब्द आपापले राहिले, पण वाक्यांची घडण इतकी जवळ आली, की तिथल्या एका भाषेतले वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसरीत नेता यावे. त्या गावात कोणी आपली भाषा सोडली नाही, कारण घरात ती रोज लागत होती. तेव्हा मुलाच्या तोंडी टेबल, बस, पेन हे शब्द आले तर ते खुशाल राहू द्यावेत; ते आता मराठीचेच आहेत. लक्ष द्यायचे ते क्रियापदांकडे आणि लिंगाकडे. 'मी बुक रीड केली' या वाक्यात बुक हा शब्द किरकोळ आहे. वाचणे हे क्रियापद गेले आणि पुस्तकाचे नपुंसकलिंग गेले, ही खरी हानी आहे.

ती भरून कशी काढावी? मध्येच थांबवून 'मराठीत बोल' म्हणू नये. तसे म्हटले की मूल बोलणेच थांबवते. त्याच्या बोलण्याला उत्तर द्यावे आणि त्या उत्तरात योग्य रूप सहज पेरावे. मुलगी म्हणते, 'आई, मी बॉटल फिल केली, पण ती लीक होतेय.' आईने म्हणावे, 'भरलीस का? मग गळतेय कुठून, झाकणातून की तळातून?' इथे भरणे आणि गळणे ही दोन्ही क्रियापदे मुलीच्या कानावर पडली, आणि प्रश्न खरा असल्यामुळे ती बहुधा 'झाकणातून गळतेय' असे उत्तर देईल. मुलाने इंग्रजीत उत्तर दिले, तरी आपण मराठीतच पुढे बोलत राहावे. ज्या प्रश्नाचे उत्तर हो किंवा नाही एवढ्यात संपते, तो टाळावा. कुठून, कशामुळे, मग पुढे काय झाले, असे विचारावे. लोकांसमोर त्याच्या मराठीला हसणे मात्र कटाक्षाने टाळावे, मग ते हसणे कितीही प्रेमाचे असो. पाहुण्यांपुढे एकदा हसे झाले, की पुढच्या वेळी मूल इंग्रजीचा आधार घेते.

आता आकड्यांकडे वळू, कारण मराठी सगळ्यात आधी सुटते ती इथे. उत्तम मराठी बोलणारी मुलेही किंमत, तारीख आणि फोन नंबर इंग्रजीत सांगतात, आणि 'एकोणसत्तर' ऐकले की 'म्हणजे किती?' असे विचारतात. यात त्यांचा दोष नाही. इंग्रजीत वीसच्या पुढे दशक आधी येते आणि एकक नंतर. मराठीत एकक आधी येते, म्हणून बेचाळीस ऐकून मूल 24 लिहून बसते. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक' अशी संख्यावाचनाची जोड पद्धत आली, तेव्हा राज्यभर वाद झाला. जोडाक्षरांनी आणि उलट्या क्रमाने मुले अडतात, हे त्या पद्धतीमागचे कारण खोटे नव्हते. तरीही बाजारात, बसमध्ये आणि आजीच्या तोंडी जुनीच नावे चालतात, म्हणून ती मुलांना यायलाच हवीत, असे माझे मत आहे.

ती एक ते शंभर अशा ओळीने पाठ करून घेण्याऐवजी उभी शिकवावीत. एका दिवशी फक्त दोनची घरे घ्यावीत: बारा, बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न, बासष्ट, बहात्तर, ब्याऐंशी, ब्याण्णव. सगळी 'ब'पासून सुरू होतात, हे मुलाला स्वतः शोधू द्यावे. शोधले की ते विसरत नाही. दुसऱ्या दिवशी एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस यांची रांग घ्यावी. पुढच्या दशकाला एक कमी, ही युक्ती कळली की एकोणनव्वदपर्यंतचे आकडे एकदम सुटतात आणि नव्व्याण्णव तेवढा वेगळा लक्षात ठेवावा लागतो. नंतर या आकड्यांना काम द्यावे. घरातली हाउजी मराठीत पुकारावी. भाजीवाल्याशी हिशेब मुलाला करू द्यावा. फोन नंबर दोन-दोन आकड्यांच्या जोड्या करून मराठीत सांगावा आणि मुलाला लिहून घ्यायला लावावा. सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच, साडेतीन हे घड्याळात आणि वजनकाट्यावर शिकवावेत. पाव किलो रवा, दीड वाटी साखर, पाऊण वाटी तूप असे मोजून शिऱ्याची तयारी मुलाकडून करवून घेतली, तर अपूर्णांकांचा पायाही त्यातच घातला जातो.

वाचनाच्या बाबतीत एक सोय आपल्याकडे आहेच. इंग्रजी शाळेतले मूल हिंदीमुळे देवनागरी ओळखत असते. तेव्हा मुळाक्षरांपासून सुरुवात करण्यात वर्ष घालवू नये. हिंदीत नसलेल्या जागा तेवढ्या हेरून शिकवाव्यात. एक म्हणजे ळ: तो मुलांना दिसतो, पण उच्चारता येत नाही, आणि केळे, बाळ, आभाळ अशा रोजच्या शब्दांत तो पदोपदी भेटतो. दुसरी जागा म्हणजे च आणि ज यांचे दोन उच्चार. चार आणि चाक हे शब्द एकापाठोपाठ मोठ्याने म्हणायला लावले, की फरक कानाला कळतो, नियम सांगावा लागत नाही. तिसरी जागा दर्या आणि दऱ्या यांतल्या र ची. एवढ्यावर काही आठवडे दिले, की लिपीचा अडसर बराच दूर होतो.

खरी अडचण पुढे येते. दहा वर्षांच्या मुलाची इंग्रजी वाचनाची झेप मोठी असते, मराठीची सहा वर्षांच्या मुलाएवढी. त्याला चित्रांचे बाळबोध पुस्तक दिले की ते त्याला अपमानास्पद वाटते. अशा वेळी मोठ्याने वाचून दाखवण्याला पर्याय नाही. मूल स्वतः वाचू शकते त्याहून वरच्या इयत्तेचे पुस्तक निवडावे, एक पान आपण वाचावे, पुढचा एक परिच्छेद त्याने वाचावा, आणि गोष्ट रंगात आली असताना थांबावे. रोज पंधरा मिनिटे पुरतात, पण ती रोज हवीत. बालभारतीचे 'किशोर' मासिक 1971 पासून निघते आहे आणि त्याचे जुने अंकही संकेतस्थळावर वाचायला मिळतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर वेगवेगळ्या पातळ्यांच्या मराठी गोष्टी विनामूल्य आहेत, आणि तीच गोष्ट इंग्रजीतही सापडत असल्यामुळे दोन्ही शेजारी ठेवून वाचता येतात.

लेखनासाठी निबंध नको. किराणा मालाची यादी, फ्रीजवर चिकटवायची चिठ्ठी, मामाला वाढदिवसाचा निरोप, हे लेखन कोणीतरी खरोखर वाचते आणि त्यानुसार काहीतरी घडते, म्हणून मूल ते मन लावून लिहिते. यादीत 'डाळ' ऐवजी 'दाळ' लिहिले तरी चालेल. कोणती डाळ, हे लिहायचे राहिले तर मात्र परत विचारावे. घरच्या व्हॉट्सॲप गटात रोमन लिपीत मराठी लिहिण्याची सवय मोठ्यांनीच आधी मोडावी. फोनमध्ये मराठी कीबोर्ड बसवायला पाच मिनिटेही लागत नाहीत. बोलून टंकलेखन करण्याची सोयही कामाची आहे: मुलाने पूर्ण वाक्य स्पष्ट बोलावे, पडद्यावर काय उमटले ते वाचावे आणि चुकले ते दुरुस्त करावे.

शाळेचा अभ्यास मराठीशी जोडणे हे या सगळ्यात सर्वांत मोलाचे काम आहे, आणि बहुतेक घरांत नेमके तेच राहून जाते. एका भाषेत मजकूर घ्यायचा आणि दुसरीत तो मांडायचा, ही रीत वेल्समधले शिक्षक केन विल्यम्स यांनी 1994 मध्ये इंग्रजी आणि वेल्श यांच्यासाठी मांडली. आपल्याकडे ती सहज करता येते. बालभारतीची पुस्तके मराठी आणि इंग्रजी दोन्ही माध्यमांत विनामूल्य उतरवून घेता येतात; मुलाची शाळा वेगळ्या मंडळाची असली, तरी विज्ञान आणि भूगोल यांचे मराठी पुस्तक जवळ ठेवावे. शाळेत प्रकाशसंश्लेषण शिकवले, की संध्याकाळी आजोबांना ते मराठीत समजावून सांगायचे काम मुलाला द्यावे, आणि आजोबांनीही 'मग रात्री झाड काय करते?' असा खरा प्रश्न विचारावा. संज्ञा आठवली नाही तर इंग्रजी शब्द चालेल. 'कारण', 'म्हणून', 'त्यामुळे', 'जर-तर' हे सांधे मात्र मराठीच हवेत, कारण विचार त्यांच्यावरच उभा राहतो. ज्याला मराठीत एखादी गोष्ट नीट समजावता येते, त्याला ती इंग्रजीतही अधिक चांगली कळलेली असते. दोन भाषांच्या तळाशी समज एकच असते, असे कमिन्स यांचेही प्रतिपादन आहे.

घरात आजी-आजोबा अहिराणी, वऱ्हाडी किंवा मालवणी बोलत असतील, तर त्यांना पुस्तकी मराठी बोलायला लावू नये आणि मुलासमोर त्यांचे बोलणे दुरुस्त तर अजिबात करू नये. मुलाला आजीची बोली, पुस्तकाची मराठी आणि शाळेची इंग्रजी असे तिन्ही पेलते. बोलीतले पिकाचे, पावसाचे, नात्यांचे आणि भांड्यांचे शब्द दुसरीकडे कुठे मिळणार नाहीत. त्या बोलीतल्या गोष्टी आजीच्या आवाजात फोनवर ध्वनिमुद्रित करून ठेवाव्यात.

महाराष्ट्राबाहेर किंवा परदेशात राहणाऱ्या कुटुंबांत अडचण वेगळी असते: मराठी बोलणारी माणसे मोजकीच असतात, आणि मुलाला वाटते, की ही फक्त आईवडिलांची भाषा आहे. त्याच्या वयाच्या मराठी मुलांशी गाठ घालून देणे, हे तिथे पुस्तकांपेक्षा आधी करावे. रविवारची मराठी शाळा असेल तर ती धरावी. नसेल तर दोन-तीन कुटुंबांनी मिळून खेळ आणि जेवण ठेवावे, आणि सुट्टीत भारतात आल्यावर मुलाला मावसभावंडांकडे आईवडिलांविना चार दिवस राहू द्यावे.

तेरा-चौदाव्या वर्षी बरीच मुले मराठीत बोलायला नकार देतात. तेव्हा भाषेवरून भांडण करू नये. आपण मराठीतच बोलावे, त्यांनी हव्या त्या भाषेत उत्तर द्यावे, आणि त्यांना ज्यात रस आहे ते मराठीत समोर ठेवावे: क्रिकेटचे समालोचन, किल्ल्यांची भटकंती, नाटक, स्वयंपाकाचे व्हिडिओ. प्रगती मोजायची असेल तर गुणांनी मोजू नये. दर तीन-चार महिन्यांनी मुलाला एखाद्या चित्रपटाची किंवा सामन्याची हकिकत पाच मिनिटे सांगायला लावावी, ती मुद्रित करावी आणि मागच्या वेळेच्या हकिकतीशी ताडून पाहावी: क्रियापदे मराठी झाली का, वाक्ये लांबली का, 'म्हणून' आणि 'तरीही' कितीदा आले. ज्या जागी मूल वारंवार इंग्रजीत शिरते, तिथले शब्द नोंदवून ठेवावेत आणि पुढच्या काही आठवड्यांच्या घरच्या बोलण्यात, वाचनात आणि कामांत तेच शब्द मुद्दाम आणावेत.