नागपूर, नागपुरात, नागपूरला

शब्दरचनेच्या अभ्यासात बहुतेक जण रूपिकेची व्याख्या पाठ करतात आणि पहिल्याच सरावात अडतात. व्याख्या सोपी आहे: अर्थ असलेला किंवा व्याकरणातलं काही काम करणारा, आणखी न तुटणारा तुकडा. शब्द नेमका कुठे तोडायचा, ते ती सांगत नाही.

म्हणून गावाच्या नावापासूनच सुरुवात करा. ‘नागपूर’ आणि ‘नागपुरात’ एकाखाली एक लिहा. ‘त’ लागण्याआधी शेवटी ‘आ’ येतो आणि ‘पूर’चा ऊ ऱ्हस्व होतो. हे सामान्यरूप. पूल–पुलात, फूल–फुलात त्याच चालीचे. ‘शरीर’सारखे तत्सम शब्द मात्र ऱ्हस्व होत नाहीत. आता ‘ला’ लावा. ‘नागपुराला’ असं कोणी म्हणत नाही, ‘नागपूरला’ म्हणतात. नागपूरचा, नागपूरहून हेही तसंच. पण ‘घर’ला ‘ला’ लावला की प्रमाण मराठीत ‘घराला’ होतं. म्हणजे सामान्यरूप हवं की नको, हे प्रत्यय आणि नामाचा प्रकार मिळून ठरवतात. महाल ही नागपुरातली वस्ती आणि महाल म्हणजे राजवाडा, या दोघांना हेच प्रत्यय लावून पाच-सहा जणांकडून वदवून घ्या. पहिल्या सत्राच्या टिपणाला एवढा ऐवज पुरतो.

शब्द देवनागरीत तोडू नका. ‘घरात’मधला ‘आ’ मात्रेत दडतो, आणि ‘घर’च्या शेवटचा ‘अ’ लिहिण्यात असतो, उच्चारात नसतो. आयपीए या उच्चार लिहिण्याच्या आंतरराष्ट्रीय लिपीत उतरवा, तुकड्यांमध्ये आडवी रेघ द्या, खालच्या ओळीत प्रत्येक तुकड्याचं काम लिहा. वर जितक्या रेघा तितक्याच खाली हव्यात. तपासणाऱ्याची नजर आधी तिथेच जाते.

‘बेशिस्त’, ‘बेसुमार’ यांत ‘बे’ वेगळा निघतो, म्हणून ‘बेडूक’मधूनही काढायचा का? उरलेल्या ‘डूक’ला अर्थ नाही. तुकडा तोडण्याआधी दोन प्रश्न विचारा: तोच तुकडा त्याच अर्थाने इतर शब्दांत येतो का, आणि उरतं त्याला काही अर्थ आहे का? ‘ई’ इथे चांगलाच घोळ घालतो. इतवारी, बुधवारी, शुक्रवारी या नागपुरातल्या नावांत वाराला ‘ई’ लागून ठिकाणाचं नाव झालं आहे. ‘नागपुरी’त त्याच ‘ई’ने विशेषण झालं. ‘नदी’तून तो काढताच येत नाही. आवाज एकच, पण वहीत तीन वेगळ्या नोंदी.

सीमा नीट दिसली की शुद्धलेखनही सुधारतं. ‘महत्त्व’मध्ये दोन त, कारण महत् + त्व. ‘नेतृत्व’मध्ये एकच, कारण नेतृ + त्व. पाठांतराची गरजच नाही.

खरी पंचाईत क्रियापदांत होते. बसणे–बसवणे, हसणे–हसवणे इथे ‘अव’ सरळ वेगळा काढता येतो. पडणे–पाडणे, मरणे–मारणे इथे काय काढणार? फक्त स्वर बदलला आहे. तुटणे–तोडणे, फुटणे–फोडणे यांत तर व्यंजनही बदलतं. अशा वेळी ओढूनताणून प्रत्यय शोधू नका. ‘स्वरबदल’ अशी प्रक्रिया म्हणून नोंदवा. रूपिका म्हणजे नेहमी वेगळा काढता येणारा मणी नव्हे, हे इथे कळतं. आमच्या मते हा भाग उशिरा शिकवला जातो.

बोलीकडे वळलात तर आणखी एक सापळा आहे. ‘मला’ आणि वऱ्हाडी ‘मले’ पाहून ‘ला’ आणि ‘ले’ ही एकाच रूपिकेची रूपांतरं आहेत, असं घाईने लिहिलं जातं. रूपांतर तेव्हाच म्हणायचं, जेव्हा एकाच माणसाच्या बोलण्यात आजूबाजूच्या ध्वनीमुळे किंवा शब्दामुळे रूप बदलतं. इथे बोली बदलली आहे. दोन्ही बोलींचे तक्ते वेगळे ठेवा.

‘काय करून राहिला बे?’ हे नागपुरी बोलणं पुणेरी कानाला ‘करून मग थांबला’ असं वाटेल. इथे ते चालू काम आहे. हे एक रूप की दोन शब्द? मध्ये ‘च’ घालून अर्थ तोच राहतो का, ते बोलणाऱ्यालाच विचारा. मात्र ‘तुम्ही हे कसं म्हणता?’ असं थेट विचारलं की लोक लगेच प्रमाण मराठी नाहीतर हिंदी बोलू लागतात. नागपुरातल्या बर्डीच्या बाजारात काय झालं ते सांगायला सांगा, परवानगी घेऊन रेकॉर्ड करा, आणि पहिली ५ मिनिटं हिशेबात धरू नका. १० मिनिटांचं बोलणं नीट उतरवायला नवख्याला सहज २-३ तास लागतात, तेव्हा एका दिवशी एकच माणूस पुरे.