ट्रान्सफर केसला हात लावण्याआधी: जुन्या फोर-व्हील ड्राइव्हमधल्या या चुका टाळा

जुन्या फोर-व्हील ड्राइव्हमधून घरघर ऐकू आली की पहिला आळ ट्रान्सफर केसवर, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांकडे वाटणाऱ्या डब्यावर, येतो, आणि दोन दिवसांत तो खाली उतरवून उघडलेलाही असतो. हे बघून वीट आलाय. आवाज चासीतून फिरतो. मागच्या डिफरन्शियलमधलं (डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरसंच) पिनियन बेअरिंग रडत असलं, तरी सीटवरच्याला तो आवाज लिव्हरच्या खालूनच येतोय असं वाटतं.

पाना उचलण्याआधी दोन चाचण्या करा, फुकटच्या आहेत. गाडी सपाट जागी, चारही चाकांना ठोकळे. ट्रान्सफर न्यूट्रलला टाका, गिअरबॉक्स तिसऱ्या गिअरमध्ये घ्या आणि क्लच सोडा. आता गिअरबॉक्स आणि ट्रान्सफरची आत येणारी बाजू फिरतेय, प्रोपेलर शाफ्ट (ट्रान्सफरपासून डिफरन्शियलपर्यंत जाणारे लांब दांडे) थांबलेत. आवाज इथेच आला तर दोष त्या दोघांत. नाही आला तर ट्रान्सफरच्या बाहेर जाणाऱ्या शाफ्टपासून चाकांपर्यंत कुठेतरी. दुसरी चाचणी: फ्री-व्हील हब (पुढची चाकं अ‍ॅक्सलला जोडणारे किंवा सोडणारे चाकावरचे खटके) असतील तर टू-व्हील ड्राइव्हमध्ये ते एकदा लॉक करून आणि एकदा फ्री करून तेवढ्याच वेगाने चालवा. फ्री केल्यावर आवाज गेला तर पुढचा अ‍ॅक्सल किंवा पुढचा शाफ्ट दोषी. एवढ्याने निम्मी शोधाशोध संपते, पण नवशिक्यांना धीर कुठे?

गाडी जागेवरून निघताना ‘टक्’ होतंय? क्रॉस, म्हणजे शाफ्टच्या टोकांचे अधिक-चिन्हासारखे सांधे, बघा. गाडीखाली जा, न्यूट्रलमध्ये शाफ्ट हाताने उलटसुलट पिळा आणि क्रॉसच्या कपांवर टॉर्च मारा. कपाच्या कडेला विटकरी रंगाची कोरडी पूड दिसली तर आतल्या सुया ग्रीसविना गंजून संपल्यात. मग स्लिप जॉइंटचे (शाफ्टची लांबी कमी-जास्त होऊ देणारा सरकता सांधा) दाते, स्प्रिंगच्या पट्ट्यांचे बुश, इंजिन आणि गिअरबॉक्सची माउंटिंग्ज. डिफरन्शियलच्या गिअरमधला ढिलेपणा सगळ्यात शेवटी. शाफ्ट काढताना फ्लँजवर आणि स्लिप जॉइंटवर खूण करा. जॉइंट एक दात चुकीचा बसला की दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे दुबेळके) एका रेषेत राहत नाहीत, आणि नवे क्रॉस टाकूनही गाडी थरथरते. मी छिन्नीने बारीक खूण मारतो. खडूची खूण रॉकेलने धुतली जाते आणि मग सगळे एकमेकांची तोंडं बघत बसतात.

आता माझी सगळ्यात नावडती चूक. पार्ट-टाइम, म्हणजे गरजेपुरत्या जोडायच्या, फोर-व्हील ड्राइव्हमध्ये मधलं डिफरन्शियल नसतं, त्यामुळे 4एचमध्ये (चारही चाकं जोडलेली, हाय रेंज) पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना जखडलेले. वळणावर पुढच्या चाकांना जास्त अंतर कापायचं असतं. मातीत चाक जरा घसरून ते भागवतं. कोरड्या डांबरावर घसरायला वाव नाही, मग सगळा पीळ शाफ्टमध्ये आणि गिअरमध्ये साठतो.

एक गाडी आली होती, दुसरीकडे ट्रान्सफर उघडून बेअरिंगं बदललेली. तक्रार जैसे थे, 4एच मधून लिव्हर निघत नाही. मालक लिव्हरवर पाइप चढवून ओढत होते. मी आधी टायर बघितले: मागचे कोरे, पुढचे झिजलेले. खोबणीत मोजलं तर 5 मिलिमीटरचा फरक. 72 सेंटिमीटर व्यासाच्या टायरला तेवढ्याने घेर साधारण 31 मिलिमीटर कमी होतो. नुसत्या घेराच्या हिशोबाने किलोमीटरला जवळपास 14 मीटरची तफावत. म्हणजे सरळ रस्त्यावरही पीळ चढतच राहणार. वर हे गृहस्थ ‘पकड चांगली मिळते’ म्हणून डांबरावर कायम 4एचमध्ये. गाडी सरळ रेषेत थोडी मागे घेतली, क्लच दाबला आणि लिव्हर दोन बोटांनी निघाला. पण पाइपच्या जोराने आतला शिफ्ट फोर्क (गिअर सरकवणारा काटा) वाकलेला होता. शेवटी ट्रान्सफर उघडावाच लागला, फक्त त्या फोर्कसाठी.

चारही टायर एकाच मापाचे आणि सारख्या झिजीचे ठेवा. यावर वाद घालणाऱ्यांशी मी बोलत नाही.

एक हब लॉक, एक फ्री राहिला तर साधं डिफरन्शियल सगळी फिरकी मोकळ्या बाजूला देतं आणि पुढची चाकं ओढतच नाहीत. ‘फोर-व्हील गेली’ म्हणण्याआधी खाली उतरून दोन्ही हब बघा.

लो रेंजमधून ट्रान्सफरचा लिव्हर आपोआप निसटतोय? आधी लिंकेज आणि माउंटिंग, मग डिटेंटची (लिव्हर जागी धरणारा खटका) स्प्रिंग, मग आतलं.

तेल काढण्याआधी भरायचं झाकण उघडून बघा. ते गंजून अडकलं असेल आणि खालचं तुम्ही मोकळं केलं असेल, तर गाडी तिथेच. गिअरबॉक्सची पातळी घटतेय आणि ट्रान्सफरची चढतेय, तर दोघांमधलं सील गेलंय. नुसतं तेल ओतत बसू नका. तेल मॅन्युअलमधलंच घाला. साखळीवाल्या बऱ्याच ट्रान्सफरना एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ तेल) लागतं, तिथे जाड गिअर ऑइल चालत नाही.

पाण्यातून गाडी काढल्यावर तेल दुधी दिसलं तर सीलआधी ब्रीदर (आतली हवा ये-जा करू देणारं भोक) तपासा. तो बुजला असेल तर गरम डिफरन्शियलमधली हवा थंड पाण्यात आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढते.

आणि जॅक लावताना: काही जुन्या जीपांत हँडब्रेक ट्रान्सफरच्या मागच्या शाफ्टवर असतो. मागचं एक चाक उचललं की डिफरन्शियलमुळे तो ब्रेक निकामी होतो. ट्रान्सफर न्यूट्रलला असेल तर गिअरमध्ये टाकलेली गाडीही धरत नाही. ठोकळे लावल्याशिवाय खाली शिरू नका.