परिविक्षा अधिकारी म्हणून रुजू होताय? आधी झोपेबद्दल विचारा

एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) करून बाल संरक्षण कक्षात नव्याने लागलेली मुलं मला हमखास विचारतात, "ताई, 15 दिवसांत एसआयआर कसा बसवायचा?" एसआयआर म्हणजे सामाजिक तपास अहवाल: गुन्ह्यात सापडलेल्या मुलाची घरची-दारची माहिती काढून परिविक्षा अधिकाऱ्याने तो बाल न्याय मंडळाला द्यायचा असतो. अहवाल बसतो हो. कुणीतरी सीनियर जुनी फाईल देतो, "यातून उचल" म्हणतो, आणि आपण वाईट संगत, घरची गरिबी, पालकांचं दुर्लक्ष असं उतरवून मोकळे होतो. मीही उतरवलंय. हे तीन शब्द कुठल्याही पोराच्या फाईलला चिकटतात, म्हणून त्या पोराबद्दल मंडळाला त्यातून काहीच कळत नाही. जुनी फाईल फक्त रकाने समजून घ्यायला वाचा.

मी कुठे चुकले ते सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

नोकरीचं दुसरं वर्ष. 17 वर्षांचा मुलगा, मोबाईलचोरी. मंडळाने चांगल्या वर्तणुकीच्या अटीवर आईच्या ताब्यात दिला, देखरेख माझ्याकडे. तो 'बटण' घ्यायचा, म्हणजे झोपेच्या गोळ्या. मी आईसमोर दरडावून सांगितलं, आजपासून गोळी बंद. त्याने खरंच बंद केली. दर पंधरा दिवसांनी वेळेवर यायचा, सही करायचा. मी 'प्रगती समाधानकारक' लिहीत गेले. चौथ्या महिन्यात पुन्हा चोरी.

मंडळाच्या व्हरांड्यात तो शर्टाच्या बाह्या सारख्या बोटांवर ओढत होता. नखांच्या कडेला व्हाइटनरचा पांढरा थर वाळला होता; पोरं ते नशेसाठी हुंगतात. आई म्हणाली, "मॅडम, बापाला याच्या डोळ्यांदेखत मारलं, तेव्हापासून याला झोप नाही. गोळी घेतली की झोपायचा. तुम्ही बंद करायला लावली, मग रात्रभर घरात येरझाऱ्या."

चार महिन्यांत मी त्याला 'नशा करतोस का?' हे दर भेटीत विचारलं होतं. 'झोप लागते का?' एकदाही नाही.

इथे घाई करू नका, नीट समजून घ्या. आपण जिला व्यसन म्हणत होतो, ती गोळी त्याने स्वतःच शोधलेलं औषध होतं. ते काढून घेतलं आणि त्या जागी मी काहीच दिलं नाही. झोप गेली, अंग थरथरू लागलं, चिडचिड वाढली. ती चिडचिड मी उद्धटपणा म्हणून नोंदवली. मग त्याला स्वस्त व्हाइटनर सापडलं. त्यालाही रोज पैसे लागतात, आणि पैशांसाठी तो पुन्हा मोबाईलकडे वळला. शिवाय रोज घेतलेल्या या जातीच्या गोळ्या एकदम तोडल्या तर फिट येऊ शकते. त्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळूच कमी करायच्या असतात. मला हे माहीत नव्हतं. त्याला फिट आली नाही, हे नशीब.

म्हणून पहिल्या भेटीतच विचारा: रात्री डोळा किती वाजता लागतो? मध्येच दचकून जाग येते का? नशा पहिल्यांदा केलीस तेव्हा घरात काय चाललं होतं? उत्तर लगेच येणार नाही. तिसऱ्या-चौथ्या भेटीत येतं, तेही बहुतेक जाता जाता, दारात.

बाल न्याय कायद्याच्या कलम 93 खाली मनोरुग्ण किंवा व्यसनाधीन मुलाला उपचारासाठी पाठवता येतं. अहवालात तशी शिफारस स्पष्ट शब्दांत करा. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत पहिल्या वेळी स्वतः सोबत जा. नुसती चिठ्ठी दिली तर मुलगा केसपेपरच्या रांगेतूनच परत फिरतो. आईला टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर लिहून द्या, तिथे रात्रीही फोन लागतो. व्यसनमुक्ती केंद्र सुचवण्याआधी तिथे जाऊन बघा. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे दाखल केलेल्या अल्पवयीन रुग्णाला मोठ्यांपासून वेगळं ठेवायचं असतं आणि त्याच्यासोबत घरचं माणूस राहू द्यायचं असतं. सगळे एकाच हॉलमध्ये दिसले तर तिथून निघा. व्यसनमुक्तीची शपथ आणि प्रेरणादायी व्याख्यान यांवर माझा काडीचा विश्वास नाही.

मुलांना नशेचा माल देणाऱ्याला बाल न्याय कायद्याच्याच कलम 77 खाली 7 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. तरी विकणाऱ्याचं नाव काढण्यासाठी पोराला खबरी करू नका, कुणी कितीही आग्रह धरला तरी. वस्तीत राहायचंय त्याला, आपल्याला नाही.

आणि दुसरा गुन्हा झाला म्हणून खचू नका. मी आठवडाभर राजीनाम्याचा मसुदा घेऊन फिरले होते. त्या मुलाचं काम खरं तर त्यानंतरच सुरू झालं. उपचार लागू पडायला वेळ लागला, मध्ये दोनदा घसरला, दोन्ही वेळा आईने आधी मला फोन केला. मी त्याला पंक्चरच्या दुकानात कामाला लावणार होते. डॉक्टरांनी अडवलं: तिथे दिवसभर सोल्युशनचा वास, त्याचीही व्हाइटनरसारखीच नशा. शेवटी केटरिंगवाल्याकडे लागला. देखरेख संपली त्या दिवशी मी नेहमीचा प्रश्न विचारला. "एकच्या आसपास लागते आता," म्हणाला, "पण सकाळी आईला मला उठवावं लागतं."