मूटच्या सरावात पहिल्याच प्रश्नाला आडवा झालो, तेव्हा

एलएल.एम.च्या मूटमध्ये (म्हणजे सरावासाठीच्या लुटुपुटूच्या खटल्यात) मी छातीठोकपणे सांगितलं, "छळ आणि युद्धगुन्हे सर्वोच्च नियमांचा भंग करतात, म्हणून परक्या राज्याला इम्युनिटी नाही." (सर्वोच्च नियम म्हणजे कुठल्याच देशाला मोडता न येणारे आंतरराष्ट्रीय नियम; राज्य म्हणजे इथे देश; इम्युनिटी म्हणजे दुसऱ्या देशाच्या न्यायालयातल्या खटल्यापासून संरक्षण.) समोरच्या बाईंनी विचारलं, "म्हणून म्हणजे कसं?" मी गप्प.

उत्तर होतं 'जर्मनी विरुद्ध इटली' या खटल्यात. १० जून १९४४ ला ग्रीसमधल्या दिस्तोमो गावात जर्मन सैनिकांनी दोनशेहून अधिक गावकरी मारले. वारसांनी ग्रीसमध्ये निकाल मिळवला, पण तिथे वसुली होईना. मग ते इटलीत गेले आणि कोमो सरोवराकाठच्या व्हिला विगोनी या जर्मन मालमत्तेवर बोजा चढवला. इटलीचं सर्वोच्च अपील न्यायालय २००४ मध्येच फेर्रीनी या वेठबिगार राबवलेल्या माणसाच्या बाजूने गेलं होतं. जर्मनीने हेगचं आंतरराष्ट्रीय न्यायालय गाठलं आणि ३ फेब्रुवारी २०१२ ला १२ विरुद्ध ३ मतांनी जिंकली.

नवख्यांनी आधी या निकालाचा परिच्छेद ९३ वाचावा. कृत्यं कायदेशीर होती असं न्यायालय कुठेच म्हणत नाही. इम्युनिटी म्हणजे 'या दारात खटला चालेल का' एवढाच प्रश्न, त्यामुळे सर्वोच्च नियमाशी तिची टक्करच होत नाही, असा तो युक्तिवाद. मला तो पळवाट वाटतो (दारंच बंद असतील तर हक्क घेऊन जायचं कुठे?), पण तो स्वतःच्या शब्दांत मांडता येईपर्यंत खोडायला जाऊ नका. मी गेलो होतो.

माझी दुसरी चूक म्हणजे चिलीच्या पिनोशेच्या निकालाचा आधार घेणं. ब्रिटनच्या हाऊस ऑफ लॉर्ड्सचा (तेव्हाचं तिथलं सर्वोच्च न्यायालय) १९९९ चा तो निकाल माजी राष्ट्रप्रमुखाच्या प्रत्यार्पणाचा, म्हणजे फौजदारी. राज्यावरचा भरपाईचा दावा वेगळा. जोन्स विरुद्ध सौदी अरेबियात २००६ साली त्याच हाऊस ऑफ लॉर्ड्सने छळ झालेल्यांना रिकाम्या हाती पाठवलं. तेव्हापासून माझ्या वहीत तीन रकाने आहेत: राज्य, माणूस, मालमत्ता. निकाल आला की आधी रकाना ठरवायचा.

पुढच्या सरावाला मी इटलीच्या घटनात्मक न्यायालयाचा २०१४ चा २३८ क्रमांकाचा निकाल घेऊन गेलो. हेगचा अर्थ त्यांनी जसाच्या तसा घेतला आणि म्हटलं, पीडिताला न्यायाधीशापर्यंत पोचूच न देणारा नियम आमच्या घटनेत शिरत नाही. बाईंनी मान डोलावली आणि लगेच दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ८६ पुढे केलं: परक्या राज्यावर दावा लावायला केंद्राची संमती लागते, मग हाच मुद्दा भारतात कसा मांडाल?

त्यावर अजून लिहितोय.