लसीबद्दल अफवा पसरली की या चुका टाळा

महाराष्ट्रात गोवर-रुबेलाची मोहीम २७ नोव्हेंबर २०१८ ला सुरू झाली, ९ महिने ते १५ वर्षांपर्यंतची मुलं, सेशन बरेचसे शाळांतूनच, आणि "या सुईनं पुढं मुलं होत नाहीत" हा मेसेज बऱ्याच वस्त्यांमध्ये टीमच्या आधीच पोचलेला. लसीकरणाच्या कामात बरीच वर्षं काढल्यावर माझं एक मत पक्कं झालंय, अफवेच्या मागं आईबापाचा एक साधा प्रश्न असतो आणि तो आपण वेळेत ऐकला नाही की मग तो फॉरवर्ड होऊन फिरतो. नव्यानं या कामात येणाऱ्यांसाठी आमच्याकडून होणाऱ्या चुका लिहितोय.

सगळ्यात पहिली म्हणजे ड्यू लिस्टमध्ये, म्हणजे डोस द्यायच्या मुलांच्या यादीत, नुसतं "नकार" लिहून पुढच्या घरी जाणं. अहो, नकार म्हणजे काय? मागच्या डोसला ताप आला होता, सासू नको म्हणते, बाळाचे वडील गावाला गेलेत, की मोबाईलवर काही बघितलं? चारही घरांना चार वेगळी उत्तरं लागतात. पोलिओच्या वेळी दारावर खडूनं पी नाहीतर एक्स लिहायचे, एक्स म्हणजे या घरातलं मूल राहिलंय, मग संध्याकाळच्या मीटिंगला ते का राहिलं हे विचारायचे आणि टीम परत त्या दारात जायची. देशातली शेवटची पोलिओ केस जानेवारी २०११ ची, हावड्याची, आणि त्यामागं हे परत परत जाणं आहे.

अफवा ओळखायची कशी, तर आकड्यांत आधी दिसते. पेंटाचा, म्हणजे पाच आजारांवरच्या एकत्र लसीचा, पहिला डोस घेतलेली मुलं तिसऱ्याला एकाच वस्तीत गळायला लागली आणि शेजारच्या वस्तीत सगळं ठीक असेल तर तिथं काहीतरी बोललं जातंय असं धरून चाला. पेपरात बातमी यायची किंवा वरून पत्र यायची वाट बघू नका, आशाताईला फोन करा, तिच्या कानावर ते बहुतेक आधीच आलेलं असतं. फक्त तिनं सांगितलं की "तुमच्या भागात असं कसं झालं" म्हणून तिलाच झापू नका, पुढच्या वेळी ती गप्प बसेल.

दुसरी चूक मला सगळ्यात जास्त छळते. तापाबद्दल आधी न सांगणं. एका सेशनला खूप गर्दी होती, दीड महिन्याच्या एका बाळाला पेंटा दिली आणि आईला कार्ड हातात देऊन पाठवलं, बाकी काही सांगितलंच नाही. रात्री बाळ तापलं, मांडीवर सुपारीएवढी गाठ आली, पाय हलवला तरी रडायचं, आणि घाबरलेल्या मावशीनं व्हॉइस नोट टाकली की सरकारी सुईनं पोराचा पाय गेला. सकाळी मी गेलो तेव्हा बाळ दूध पीत होतं, पाय हलवत होतं, पण व्हॉइस नोट तीन वस्त्यांत फिरून झाली होती. त्या माऊलीची काय चूक सांगा, तिला कुणी बोललंच नव्हतं. म्हणून चार गोष्टी प्रत्येक आईला सांगायच्याच: आज कोणती लस दिली आणि ती कशासाठी, त्रास काय होऊ शकतो आणि झाला तर काय करायचं, पुढच्या वेळी कधी यायचं, आणि कार्ड जपून ठेवून येताना आणायचं. सेशनवर अर्धा तास थांबवायचं ते वेगळंच. बीसीजीची, म्हणजे टीबीच्या लसीची, जागा काही आठवड्यांनी पिकते आणि तिथं व्रण राहतो, हेही आधीच बोला.

खुलासा करताना पोस्टरवर अफवाच मोठ्या अक्षरात छापतात, ते नको. लोकांच्या डोक्यात तेवढीच ओळ राहते. खरं काय ते आधी लिहा.

गंभीर काही घडलं तर लपवू नका, हे हात जोडून सांगतो. लसीनंतर मूल सिरीयस झालं तर लगेच वर कळवायचं असतं, जिल्ह्याची एईएफआय कमिटी, म्हणजे लसीनंतरच्या त्रासाची चौकशी करणारी समिती, तपास करते, लसीमुळं झालं की योगायोगानं ते त्यातून कळतं. "तपास चालू आहे, कळलं की आम्हीच येऊन सांगू" एवढं बोलायला काय जातं, आणि मग खरंच जाऊन सांगायचं.

आणि राहिलेलं प्रत्येक मूल अफवेच्या खात्यात टाकू नका. २०२२ ला गोवंडी, भिवंडी, मालेगावात गोवर पसरला तेव्हा लोक पटकन म्हणाले की तिथले लोक लसच घेत नाहीत. भीती होतीच, पण कोविडच्या काळात राहून गेलेले डोस होते, सारखी घरं बदलणारी कुटुंबं होती, रोजंदारी बुडवून सेशनला येणं जमत नाही अशा आया होत्या. त्यांना समजावून काय होणार, सेशनची वेळ बदलावी लागते.

दमदाटीनं तर कधीच काम झालेलं नाही. शाळेत संमती न विचारता सुई देण्याचा विषय दिल्ली हायकोर्टात गेला आणि जानेवारी २०१९ ला कोर्टानं सांगितलं की पालकांची स्पष्ट संमती लागेल. मला ते बरोबरच वाटतं, विचारलं की लोक प्रश्न तरी विचारतात.

कुणी विचारलं की लसीनं ऑटिझम होतो का, तर "छे, खोटं आहे" म्हणून उडवून लावू नका, गोष्ट सांगा, १९९८ ला १२ मुलांवरचा एक पेपर इंग्लंडमधून आला होता, तो २०१० ला मासिकानं मागं घेतला आणि तो लिहिणाऱ्या डॉक्टरचं लायसन्स गेलं. आणि एकदा बोलून आलात तरी दुसऱ्या दिवशी ताप उतरला का बघायला परत जा, शक्यतो संध्याकाळी, तेव्हा बाळाचे वडील आणि आजीही घरात असतात.